न झिजणारा टायर

तिसरा टायर घेतला तर विश्वजित खराडेला सात हजार किलोमीटर जास्त मिळणार होते, आणि ते सगळे त्याच्या बायकोच्या अंगातून जाणार होते. शेटेअण्णांनी यातलं काही लपवलं नाही. गगनबावड्याच्या पुढं, करूळचा घाट जिथं उतरायला लागतो तिथं त्यांचं दुकान आहे. मोठ्या मोटरसायकली घेऊन लांबलांब हिंडणारी माणसं कोल्हापूर-सांगलीची दुकानं सोडून त्यांच्याकडं येतात, ती अण्णा खोटं बोलत नाहीत म्हणून.

"इटलीचा घ्या, वळणावर गोंदासारखा धरतोय," अण्णा म्हणाले. "पण मऊ. आठ हजारात खलास. हा जपानी, मधे कडक, कडेला मऊ. अकरा हजार जाईल. आणि हा तिसरा." तिसऱ्यावर कंपनीचं नाव नव्हतं. "अठरा हजार चालतोय, आणि झिजतच न्हाई. झीज मागं बसणाऱ्यावर जाते."

"पकड?"

"इटलीच्या वरताण."

"ओल्या रस्त्यावर?"

"घसरला तर माझं नाव बदला."

"आणि पुढं बसणाऱ्याला काही?"

"काही म्हणजे काही न्हाई."

विश्वजितनं खिशातून तक्ता काढला. हा तक्ता तीन आठवडे घरच्या फ्रिजवर लोहचुंबकाखाली होता. त्यात तेरा रकाने होते. लग्नाआधी मृणालला बघायला आला होता तेव्हा हाच माणूस पंचवीस मिनिटांत होकार देऊन, वर पोह्यांची दुसरी बशी खाऊन गेला होता. पण टायर म्हटल्यावर घाई करून चालत नाही. त्यानं तिसऱ्याच्या रकान्यांत आकडे भरले. बेरीज डोळ्यांत भरण्यासारखी होती.

"वैनींचा होकार लागतो," अण्णा म्हणाले. "रीत आहे."

मृणाल पंधरा पावलांवर, दुकानाबाहेर, दोन्ही हेल्मेटं मांडीवर घेऊन चहा पीत होती. विश्वजितनं तिच्याकडं बघितलं. ती चहाच पीत होती.

"तिला काय, तिला चालतंय," तो म्हणाला.

अण्णांनी पावतीवर तसं लिहून घेतलं: मागच्याचा होकार, पुढच्याच्या तोंडून.

पहिला हजार पुरा झाला त्या सोमवारी मोजणी कार्यालयातल्या हजेरीच्या यंत्रानं मृणालचा अंगठा घेतला नाही. तिनं तो पदराला पुसला, पुन्हा ठेवला. मग तर्जनी, मग डावा हात. यंत्र प्रत्येक वेळी तेच म्हणत राहिलं की बोट ठेवा. तिनं बोट उजेडात धरलं. त्यावर एकही रेघ नव्हती. उकडलेल्या अंड्यासारखं गुळगुळीत बोट होतं.

"भांडी फार घासता काय ओ मॅडम?" शेजारच्या टेबलावरचे चौगुले म्हणाले.

"भांडी घासून माणसाच्या रेघा जात असत्या," मृणाल म्हणाली, "तर या ऑफिसातल्या अर्ध्या बायकांचा पगार झाला नसता."

पुढच्या महिन्यात टिकली कपाळावर टिकेना. पदर खांद्यावरून उतरे, पिन लावली तर पिनही सुळकन निघून येई. रिक्षात बसली की वळणाला या दारातून त्या दारापर्यंत जाई. मंडईत ती "दोडका कसा दिला?" असं विचारी, आणि तो प्रश्न भाजीवालीच्या कानावरून घसरून शेजारच्या कोथिंबिरीत पडे. तिसऱ्यांदा विचारल्यावर भाजीवाली दचकून म्हणे, "अगंबाई, तुम्ही कवा आलासा?"

विश्वजित दर रविवारी निघण्याआधी टायरच्या खाचेत मोजपट्टी घाली.

"सात मिलिमीटर! बघ. जसाच्या तसा. तीन हजार झाले आणि केसाएवढा फरक नाही."

"माझ्या हाताला बघा जरा," मृणाल म्हणाली.

"मऊ झालाय," तो कौतुकानं म्हणाला.

त्या दिवशी तिनं पावती शोधली. ती गाडीच्या फायलीत, विम्याच्या कागदामागं होती. पावतीवरची ती ओळ तिनं दोनदा वाचली आणि तशीच हातात घेऊन बाहेर आली. विश्वजित साखळीला तेल देत बसला होता.

"मला चालतंय असं कोण म्हणालं?"

"अगं, तू नाही म्हणाली नव्हतीस."

"मला विचारलं कुणी?"

"विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

"नाही म्हणाले असते."

"बघ," विश्वजित म्हणाला. "म्हणूनच."

असं उत्तर देऊन माणूस पुन्हा साखळीकडं वळतो, आणि तेलाचा थेंबही इकडंतिकडं सांडू देत नाही. मृणालला त्या तेलाच्या डब्याचा राग आला, त्या फडक्याचा आला, आपण लग्नापासून त्या फडक्यासाठी जुन्या साड्या फाडत आलो याचा आला.

पुढच्या रविवारी ती गाडीवर बसलीच नाही. विश्वजितनं फारसा आग्रह केला नाही. त्यानं तिचं हेल्मेट मागच्या सीटला बांधलं आणि तो आंबा घाटाकडं गेला. मृणाल घरी आमटीला फोडणी देत उभी राहिली. साडेनऊच्या सुमारास, म्हणजे गाडी मलकापूरच्या आसपास असेल तेव्हा, तिच्या टाचा झिजायला लागल्या. परतीच्या वाटेवर पोटऱ्या झिजल्या. दुपारी दोनला तो आला. "दीडशे किलोमीटर झाले!" असं आनंदानं म्हणाला. तेव्हा तिनं हिशेब केला की झिजणं काही चुकत नाही; गाडीवर बसलं तर निदान घाट दिसतो, घरात झिजलं तर नुसती आमटी दिसते. त्याच्या पुढच्या रविवारी ती मुकाट मागं बसली. विश्वजितला वाटलं, समजूत पटली.

अण्णांकडं ती एकटी एस्टीनं जाऊन आली.

"टायर परत घ्या."

"बसवलेला टायर परत घेत न्हाई वैनी."

"मग बसणारे बदला. मी पुढं बसते, ते मागं बसतील. निम्मंनिम्मं होऊ दे."

"माझी ना न्हाई. मागं कोण बसायचं ते गाडीवाल्यानं ठरवायचं."

गाडीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, मागं बसलं की त्याच्या पाठीत चमक भरते.

विश्वजितच्या क्लबचं नाव 'वळणवेडे' होतं. नऊ गाड्या होत्या. वळणवेड्यांची रीत अशी, की नाश्त्याला थांबलं की पुरुष आधी एकमेकांच्या टायरांपुढं गुडघे टेकत. टायरच्या कडेला न घासलेली पट्टी राहिली असेल तर तो माणूस वळणात गाडी झुकवायला भितो असं ठरे, आणि त्या दिवशीच्या मिसळीचे पैसे त्यानं द्यायचे. विश्वजितच्या टायरची कड शेवटपर्यंत घासलेली दिसे, पण खाच मात्र कोरी. ही करामत बघायला सगळे वाकत.

"खराडे, लेका, गाडी चालवतोस का उचलून नेतोस?"

"टायर निवडायलासुद्धा अक्कल लागते," विश्वजित म्हणे.

बायका दुसऱ्या टेबलावर बसत. त्यांच्यात लता वाडकर होती. वाडकरांनीही तिसराच टायर घेतला होता, विश्वजितच्या आठ महिने आधी. लताच्या हातात चमचा राहत नसे. ती मिसळ दोन्ही तळव्यांच्या मधे वाटी दाबून पीत असे. वेटर तिच्याकडं बघून पुढं जाई. त्याची नजर तिच्यावर ठरतच नव्हती.

"टाचेवर पट्टी वर आली का गं?" लतानं विचारलं. तिचा आवाज ऐकायला मृणालला वाकावं लागलं.

"कसली पट्टी?"

"टायरच्या खाचेत बारीक उंचवटा असतो बघ. रबर झिजून त्याच्या बरोबरीला आलं की टायर काढायचा. तसलीच. डाव्या टाचेला येते. माझी गुरुवारी बरोबरीला आली."

"मग आता?"

"ह्यांनी तक्ता केलाय," लता म्हणाली आणि वाटी खाली ठेवली. वाटी टेबलावरून सरकत गेली, पण ती पकडायला तिनं हात केला नाही.

पुढच्या रविवारी वाडकरांच्या मागं दुसरी बाई बसली होती. ठसठशीत, हाताला राठ, हसली की हॉटेल दणाणावं अशी. तिचंही नाव लताच ठेवलं होतं, कारण हेल्मेटवर ते आधीच रंगवलेलं होतं. वळणवेड्यांनी वाडकरांना निवडीबद्दल शाबासकी दिली. पहिल्या लताबद्दल कुणी विचारलं नाही. मृणालनं विचारलं, तर तिचा प्रश्न वाडकरांच्या जाकिटावरून ओघळून खाली गेला.

सतरा हजार सातशेला मृणालच्या डाव्या टाचेवर पट्टी लागली. भाताच्या शिताएवढी, पण कडक. त्याच आठवड्यात फ्रिजवर नवा तक्ता आला.

तिनं तो उभ्यानं वाचला. रकाने जवळपास तेच होते. पकड, आयुष्य, ओल्या रस्त्यावरचं वागणं, लांबच्या प्रवासात कुरकुर. आडव्या ओळींत तीन नावं होती: इस्लामपूरची, निपाणीची, गडहिंग्लजची. सगळ्यांत खाली चौथी ओळ होती: 'सध्याची'. तिच्यापुढं सगळीकडं शून्य, फक्त कुरकुरीच्या रकान्यात दहापैकी नऊ.

"नऊ?" मृणाल म्हणाली.

विश्वजितनं वर्तमानपत्र खाली केलं. "अगं, मनावर घेऊ नकोस. तुलनेसाठी खालचा आकडा लागतो."

"वीस वर्षं तुमच्या मागं बसले. पावसात बसले. ताप असताना बसले. गोव्याच्या रस्त्यावर गाडी पडली तेव्हा तुम्ही आधी टाकीला पोचा आला का ते बघितलंत, तरी उठून पुन्हा बसले. आणि कुरकुर नऊ?"

"आता बघ," विश्वजित म्हणाला, "हेच." आणि त्यानं पेन काढून नवाचे साडेनऊ केले.

रविवारी दोघं अण्णांच्या दुकानी गेली. मृणालला मागच्या सीटला पट्ट्यानं बांधावं लागलं. पायातल्या चपला सुतळीनं बांधल्या होत्या. अठरा हजाराला शंभर कमी होते.

अण्णांनी तिघींना बाकावर बसवलं होतं. प्रत्येकीच्या दंडाला कागदी चिठ्ठी होती, त्यावर टायरवर असतो तसा बनावटीचा आठवडा आणि साल. विश्वजितनं चष्मा लावून चिठ्ठ्या वाचल्या.

"अण्णा, ही निपाणीची जुन्या साठ्यातली दिसते."

"साठा कुणाला म्हणतोस रे?" निपाणीची म्हणाली. "तुझी चिठ्ठी कुठाय?"

"आवाज चांगला आहे," विश्वजितनं अण्णांना सांगितलं आणि तिघींना काचेवर अंगठे टेकायला लावले. अंगठे चिकटले. इस्लामपूरचीचा अंगठा सोडवताना काच कपाटासकट हलली. विश्वजितच्या तोंडावर जो आनंद पसरला तो मृणालनं गेल्या वीस वर्षांत बघितला नव्हता. एकदाच बघितला होता, ही गाडी घरी आली तेव्हा.

"अण्णा," ती म्हणाली, "मला मोजा."

अण्णांना ऐकू गेलं. ते आयुष्यभर झिजलेल्या गोष्टींशी बोलत आले होते. त्यांनी मोजपट्टी तिच्या टाचेला लावली. "बरोबरीला आल्या. संपल्या वैनी."

"आता ह्यांना मोजा."

"मला कशाला?" विश्वजित म्हणाला.

"मोजा."

अण्णांनी त्याच्या टाचेला, तळव्याला, अंगठ्याला पट्टी लावली. "सात. कोरे करकरीत."

विश्वजितनं बाकावरच्या तिघींनी ते ऐकलं की नाही याची खात्री करून घेतली.

"आता मला सांगा," मृणाल म्हणाली. "एका गाडीचे दोन्ही टायर एका दिवशी बसवले. मागचा संपला, पुढचा चांगला आहे. तुम्ही काय करता?"

"दोन्ही काढतो."

"पुढचा कोरा असला तरी?"

"कितीबी कोरा असू दे. एका दिवशी बसवलेलं एका दिवशी निघतं. भिंतीवर लिहिलंय."

भिंतीवर लिहिलेलं होतं, तेलकट अक्षरांत, कॅलेंडरच्या वर.

"ते टायरांचं आहे, अण्णा!" विश्वजित म्हणाला.

"टायर झिजलेत का तुमचे?"

"नाही."

"मग नियम कुणाला लावू?"

विश्वजितनं खिशातला तक्ता काढला. तक्ता उलटसुलट करून बघितला. या प्रश्नाला त्यात रकाना नव्हता.

"तुम्ही आणि वैनी वेगवेगळ्या दिवशी लागलाय का?" अण्णांनी विचारलं.

"लग्न म्हणता? ते... एकाच दिवशी झालं."

"मग उतरा."

"अण्णा, गाडी माझी आहे! मी सात आहे! सात मिलिमीटर! अठरा हजारांत केसाएवढा झिजलो नाही, आणि मला भंगारात?" विश्वजितचा आवाज चढला. असा अन्याय त्यानं आयुष्यात कधी बघितला नव्हता. "न झिजलेल्या माणसाला टाकून देणं हा शुद्ध मूर्खपणा आहे! मी ग्राहक मंचात जाईन!"

"जावा की," अण्णा म्हणाले. "आधी उतरा."

"मृणाल, सांग ह्यांना!"

"काय सांगू?" मृणाल म्हणाली. "माझी कुरकुर साडेनऊ आहे."

काढलेला पुढचा आणि मागचा टायर दुसऱ्या गाडीच्या टायरांत मिसळू नये म्हणून अण्णा दोन्ही एकाच दोरीनं बांधून बाहेर ठेवत. त्यांनी नायलॉनची दोरी घेतली, एक टोक विश्वजितच्या कमरेला, दुसरं मृणालच्या कमरेला बांधलं, वर खडूनं एकच नंबर टाकला आणि दोघांना रस्त्याच्या कडेला नेऊन उभं केलं. तिथं आधीच्या बारा-पंधरा जणांच्या जागा मोकळ्या होत्या. जमिनीवर नुसते खडूचे नंबर उरले होते, आणि प्रत्येक नंबरापासून एक गुळगुळीत वाट घाटाकडं गेलेली होती.

आत गाडीवर कोण बसणार यावरून इस्लामपूरची आणि निपाणीची यांचं जुंपलं होतं. दोघींनाही पुढं बसायचं होतं. गडहिंग्लजची दंडावरची चिठ्ठी फाडून दुकानामागच्या पायवाटेनं केव्हाच निघून गेली होती.

"मृणाल," विश्वजित हळूच म्हणाला, "हे बघ, मी अण्णांशी बोलतो. तुझ्याबद्दलही काहीतरी..."

मृणाल सरकायला लागली होती. चपलांची सुतळी आपोआप सुटली. उतार अगदी थोडा होता, पण तिच्या पायांना धरायला काही उरलंच नव्हतं. ती बसली, मागच्या सीटवर बसायची तशीच, हात मांडीवर घेऊन, आणि तशीच घाटात शिरली. दोरी ताणली. विश्वजितला हिसका बसला आणि तो दोन पावलं ओढला गेला.

"थांब! अगं, थांब!"

"मला थांबता येत नाही," ती म्हणाली. "तुम्ही धरा. तुमच्यात आहे."

त्यानं बूट रोवले. सात मिलिमीटरची कोरी पकड डांबराला भिडली आणि जळक्या रबराचा वास सुटला. वेग कमी झाला, पण मृणाल थांबली नाही. पहिल्या वळणाला बूट गेले. दुसऱ्या वळणाला त्याच्या टाचांखालून दोन काळ्या रेघा रस्त्यावर उमटायला लागल्या. समोरून ट्रक आला, त्याच्या ड्रायव्हरनं शिस्तीत बाजू दिली.

"सोड मला! दोरी सोड!"

"गाठ तुमच्याकडं आहे," मृणाल म्हणाली. ते खरंच होतं. पण गाठ सोडायला हात लावावा तर पाय सुटत होते, आणि पाय सुटले की दरी दिसत होती.

"मी काय केलं होतं?" तो ओरडला. "मी काय केलं होतं म्हणून हे मला?"

हे त्याचं वाक्य कुठंच घसरलं नाही. घाटातल्या प्रत्येक कड्याला चिकटून राहिलं. मृणालनं ते सगळ्या कड्यांवरून ऐकलं आणि तिच्या लक्षात आलं, की हा माणूस पहिल्यांदाच तिच्या मागं आहे. वारा तिच्या अंगावरून कसलीही खूण न ठेवता जात होता. खाली कोकण दिसत होतं, माड दिसत होते. आजपर्यंत हा घाट तिनं एका जाकिटाच्या खांद्यावरून बघितला होता.

येताना अण्णांच्या हातातली मोजपट्टी तिच्याकडंच राहिली होती. तिनं मागं न बघता हात लांब करून ती त्याच्या टाचेला लावली.

"साडेसहा," ती म्हणाली.

तिसरं वळण आलं. चौथं आलं.

"सहा."

घाटाचा पायथा अजून नऊ किलोमीटर होता, आणि सगळा उतार. आतापर्यंत सतरा हजार नऊशे किलोमीटर तिनं भरले होते. त्यानं दोन. टायरांनी काहीच नाही.